पाहुण्याचं पान

पितृमोक्ष अमावस्येला आमच्या घरी एक पान जास्त मांडलं जायचं. आजोबांचं, आजीचं, लहानपणीच गेलेल्या एका काकांचं, आणि रांगेत सगळ्यात शेवटी एका आयरिश माणसाचं. तुमसरला माझ्या शेजारणींना मी हे एकदा सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि हळूच लग्नसराईचा विषय काढला. त्यांचं काही चुकलं नाही. मलाही शाळेत मैत्रिणींना हे सांगायची लाज वाटायची.

भंडारा आणि पवनीच्या मधे, वैनगंगेच्या काठी आमचं गाव होतं. बाबा तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. ते स्वतः शिकायला भंडाऱ्याच्या वसतिगृहात होते, तेव्हा तिथल्या एका गुरुजींनी मुलांना या माणसाची गोष्ट सांगितली. बाकीची मुलं ऐकून झोपली असतील. बाबांनी ती घरी आणली, आणि लग्नानंतर आईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवली. आईच्या जिभेला ते परदेशी नाव काही केल्या वळेना, म्हणून ती त्याला ‘तुमचा पाहुणा’ म्हणू लागली. पुढे घरात तेच नाव पडलं.

पाहुण्याची गोष्ट बाबा दरवर्षी वर्गात सांगत, आणि मी त्याच शाळेत असल्यामुळे मला ती चार वर्षं सक्तीने ऐकावी लागली. तो मास्तरकी करायचा, कविता करायचा, आणि आपल्या गावच्या मंडळींना घेऊन नाटकं बसवायचा. हे ऐकलं की वर्गातली मुलं सावरून बसत, कारण दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात आणि नाटकवाला माणूस आम्हाला आपलाच वाटतो. त्याच्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि घराघरांत इंग्रजीच बोलली जायची. तर यानं मोठेपणी बसून आपल्या लोकांची जुनी भाषा शिकून घेतली. दिवसा नोकरी आणि अंधारात पोरांना कवायत. मग पकडलं, सोडलं, परत पकडलं. लग्नसुद्धा कैदेत असतानाच केलं, आणि मुलगी झाली तेव्हाही हा कैदेतच.

शेवटच्या वेळी पकडलं तेव्हा, इंग्रजांना मला पकडायचा हक्कच नाही म्हणत त्यानं अन्न सोडलं. त्याला समुद्रापार इंग्लंडातल्या तुरुंगात नेलं. तिथे जेवणाच्या वेळेला गरम ताट त्याच्या उशाशी आणून ठेवत, वास नाकात जावा म्हणून. ताटात काय असे ते बाबांना ठाऊक नव्हतं, पण मुलं विचारणारच, तेव्हा ते ‘कोंबडीचा रस्सा’ म्हणून सांगत. मला मात्र त्या ताटात आमच्याच घरचे उडदाचे वडे आणि कोहळ्याची भाजी दिसायची. आठवड्यांमागून आठवडे गेले. बायको आणि बहिणी येऊन बसत. बाहेर रस्त्यावर लोक गुडघे टेकून प्रार्थना करत. तो डोळ्यांनी गेला, मग शुद्धीवरून गेला, आणि मग गेलाच. एवढं सांगून बाबा फळ्याकडे तोंड करून उभे राहत. 

एका वर्षी मी हात वर करून विचारलं, “मग त्याच्या पोरीचं काय झालं?” बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.  घंटा व्हायला वेळ होता तरी त्यांनी वर्ग सोडून दिला.

आईचा या पानाला पहिल्यापासून विरोध होता. अमावस्येला ज्याचं कोणी नाही त्याच्या नावानं पान मांडतात हे तिला मान्य होतं, पण याला तर बायको होती, मुलगी होती, बहिणी होत्या; त्यांनी मांडावं. बाबा म्हणत, त्यांच्यात मांडत नाहीत. मग आई खरा मुद्दा काढायची, की जो माणूस अन्न नको म्हणून मेला त्याला दरसाल जेवायला बोलावणं हा त्याचा मान आहे की चेष्टा.  वडे मात्र आई चार पानांचे तळायची.

आणि त्या पानाला कावळा शिवत नसे.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, दरवर्षी. घरामागच्या वाडीच्या भिंतीवर पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडलेल्या असत. आई पाणी फिरवून मागे सरली की कावळे उतरत. आजोबांचं पान, आजीचं, काकांचं, सगळं चटचट फस्त. मग एखादा कावळा टुणटुणत चौथ्या पानापाशी येई आणि थांबे. मान तिरकी करी.  कावळा पानाकडे बघत नसे. तो पानाच्या वर बघे, मांडी घालून बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे यावा तिथे. मग बसलेल्या माणसाला ओलांडू नये तसा भिंतीवरून खाली उतरून, वळसा घालून पलीकडे जाई. मुंग्यासुद्धा त्या पानावर चढताना मला दिसल्या नाहीत. संध्याकाळी बाबा ते पान जसंच्या तसं उचलून नदीत सोडत. “अजून उपास सोडला नाई त्यानं,” असं म्हणताना त्यांचा आवाज अभिमानानं भरून येई. मला तो अभिमान आवडत नसे. मी त्या दिवशी वाडीत एकटी जात नसे.

माझं लग्न झालं, मला तुमसरला दिलं. घराभोवती राइस मिल, अंगणात कोंड्याची काजळी, आणि मिलच्या धान्यावर माजलेले असे कावळे की ते कुणाच्याही पानाला शिवतील. मला सुटल्यासारखं झालं. तिकडे वैनगंगेवर बांधलेलं धरण भरत आलं आणि पाण्याखाली जाणारं आमचं गाव उठलं. घरं, शाळा, देऊळ, सगळ्यांना नव्या गावठाणात जागा मिळाली. एका गोष्टीची जागा कुठे दाखवलेलीच नव्हती, आणि ते पहिलं माणूस मेलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. मसनवट नव्हती.

शेजारच्या जुन्या गावानं दोन-तीन प्रेतं जाळू दिली, मग नको म्हटलं. त्यांचंही खरं होतं. मग लोक धरणाच्या पाण्याच्या काठावर जाऊ लागले. तिथे वठलेली झाडं पाण्यात उभी आहेत, आणि पाणी आज इथे तर उद्या तिथे असतं. पाऊसकाळ सरताना आमच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. संध्याकाळी तिला काठावर अग्नी दिला. सकाळी राख सावडायला गेले तर तिथे राख नाही, लाकूड नाही, जमीनच नाही. सपाट पाणी, आणि त्यावर कुठे तरंगसुद्धा नाही. मुलगा मडकं हातात धरून उभा. पुढे पलीकडच्या एका मासेमाराच्या जाळ्यात तिच्या तिरडीचा बांबू आला, तो त्यानं आणून मुकाट्यानं तिच्या दारात ठेवला.

बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. राख सावडायला तेही गेले होते. घरी आले, हातपाय धुतले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या घरासमोरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर चटई टाकून बसले. मसनवटीची जागा मिळेल तेव्हा जेवेन, एवढंच म्हणाले. आईनं मला फोन केला. ती म्हणाली, “तुया बापाचा पाहुणा आला हाय घरी. तू ये.”

मी गेले तेव्हा ओट्यावर मांडव पडला होता, गाव गोळा झालं होतं, एकदोन साहेब येऊन ‘बघतो’ म्हणून गेले होते. मग धान गर्भात आलं, लोंब्या सुटायची वेळ झाली, लोकांना शेतं दिसू लागली, ओटा ओस पडत गेला. आरोग्य केंद्राचे डॉक्टर रोज येत आणि दवाखान्यात हलवायला सांगत. बाबा हात जोडत. डॉक्टर शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले की आता एक दिवस असा येईल की खायचं म्हटलं तरी शरीर घेणार नाही.  मला त्या म्हातारीचं, मसनवटीचं, गावाचं, कशाचंही काही वाटेनासं झालं. मला माझा बाप हवा होता.

आईनं भांडण केलं नाही. आमच्याकडे घरातलं माणूस बाहेर असलं तरी त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात. ती ते ताट रोज दुपारी ओट्यावर नेऊन बाबांच्या समोर ठेवी आणि निवलं की परत आणी. एकदा परत येता येता मला म्हणाली की त्या गोष्टीतले इंग्रज नाही का असंच करत. “मी तेवढी इंग्रज झाली पाय या वयात.” ती हसली. मी नाही हसले.

बाबांची मला भीती वाटू लागली होती, हे लिहायला आज संकोच वाटत नाही. त्यांच्या तोंडाला कुजलेल्या फळासारखा गोड वास येई. चेहऱ्यावरचं सगळं गळून जाऊन आत जो चेहरा निघाला तो माझ्या ओळखीचा होता. लहानपणी वर्गात बसून मी मनात काढला होता, तो. चटईवर ते एका कडेला अंग चोरून बसत. अर्धी चटई रिकामी. मी एका दुपारी पाणी द्यायला म्हणून त्या रिकाम्या बाजूला बसू लागले, तर त्यांनी हलकेच माझा हात धरून मला दुसऱ्या बाजूला घेतलं. मी विचारलं कोणी येणार आहे का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ओट्यासमोर एक कुत्री निजत असे. तीही नेहमी चटईच्या त्या भागाला वळसा घालून जाई.

आणि मग अमावस्या आली.

नव्या घराला वाडी नव्हती, समोरच कमरेएवढी आवारभिंत होती. ओट्यावरून ती स्वच्छ दिसे. बाबांनी सकाळीच मला जवळ बोलावून पाहुण्याचं पान विसरू नका म्हणून बजावलं. आवाज जेमतेम निघत होता, पण ते त्यांनी बजावलं. आईनं वडे तळले, खीर केली, कढी केली. चार पानं मांडली. पाणी फिरवलं.

त्या दिवशी घरात सगळंच पत्रावळींवर, म्हणून बाबांचं रोजचं ताटही तिनं पत्रावळीवरच वाढलं होतं. ते घेऊन ती ओट्याकडे निघाली. फाटकाची कडी अडली. हात मोकळा करायला तिनं ते पान भिंतीवर टेकवलं, रांगेच्या टोकाला, पाहुण्याच्या पुढे. आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. इतक्या वर्षांची सवय. पान टेकलं तसं हातानं आपोआप त्याच्याभोवती पाणी फिरवलं.

मी दारातून ते पाहिलं. जिवंत माणसाचं पान पितरांच्या ओळीत. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात एक कावळा उतरला. तो पहिल्या तीन पानांकडे गेला नाही. पाहुण्याच्या पानाला त्यानं वळसा घातला, आणि सरळ बाबांच्या पानावर बसून वडा उचलला.

आई फाटकाची कडी धरून उभी होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.  मग तिनं कडी काढली, रस्ता ओलांडला आणि ओट्यासमोर उभी राहून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमचा पाहुणा जेवला.”

बाबांनी डोळे उघडले.

“खरं सांगून राहिली का तू?”

“पोरीले इचारा. तिनं पायलं. त्यानं सोडला उपास. आता तुमी कायले बसता?”

ओट्यावर होती नव्हती ती माणसं माझ्याकडे वळली. मी हो म्हणून मान हलवली. एकदा नाही, दोनदा.

बाबांनी भिंतीकडे बघितलं. पाच पानं समोर होती. चौथ्यावरच्या खिरीचा द्रोण भरलेला, वडे जागच्या जागी; पाचवं विस्कटलेलं. चष्मा बाबांच्या डोळ्यांवर होता. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथे थांबली.

“त्याच्या पोरीचं काय झालं,” ते म्हणाले, “हे मले कोणी सांगतलंच नाई.”

आणि त्यांनी तोंड उघडलं. आईनं भाताची पेज चमच्यानं घातली. पहिला चमचा बाहेर आला, दुसरा राहिला. मी ओट्याच्या पायरीवर बसून रडले.

जागा मिळाली नाही. मास्तर उठले म्हटल्यावर साहेबांना घाई राहिली नाही. गावात कोणी बाबांना टाकून बोललं नाही, पण त्या म्हातारीचा मुलगा रस्त्यात भेटला की खाली बघून जाई. बाबा पुढे बरीच वर्षं जगले. माझ्या मुलांना त्यांनी सायकल शिकवली, तुमसरला येऊन राहिले, मिलच्या कावळ्यांना पोहे टाकले. पाहुण्याची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. अमावस्येला पान मांडलं जाई, कावळा त्याला शिवत नसे, आणि बाबा त्या वेळी घरात आत बसून राहत.

ते झोपेतच गेले. पाऊसकाळ होता, धरण तुडुंब होतं. नाइलाज म्हणून काठावरच नेलं; मला भाऊ नाही, चुलतभावानं अग्नी दिला. सकाळी सावडायला त्याच्याबरोबर मीही गेले. पाणी वर आलं होतं. चितेच्या दोन्ही अंगांनी ते पुढे गेलं होतं, मागेसुद्धा पोचत आलं होतं. पण राखेच्या चारी बाजूंना हातभर जमीन कोरडी होती.  चुलतभावानं घाईघाईनं मडकं भरलं.

दहाव्याला बायका जात नाहीत. आई मला घेऊन आली, आणि तिला नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पिंड ठेवला. पाण्यातल्या वठलेल्या झाडांवर कावळे बसले होते, बरेच होते, पण एकही हलेना. ऊन चढत गेलं. मग लोक उठून, नेहमीप्रमाणे, गेलेल्याला वचनं देऊ लागले. चुलतभाऊ म्हणाला, काकूला सांभाळीन. त्या म्हातारीचा मुलगा पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, मास्तर, मसनवट आम्ही मिळवू. कावळे झाडावरच. सगळ्या गावाची वचनं देऊन संपली तरी कावळे झाडावरच.

तेव्हा आई उठली. पिंडापाशी गेली आणि उकिडवी बसली. एवढ्या माणसांत ती फक्त त्यांच्याशी बोलत होती, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं.

“तो नवता जेवला. तुमच्याच पानाले शिवला होता कावळा. मी खोटं बोलली. आनं अजून येक डाव तसं झालं त अजून बोलीन.”

झाडावरच्या एका कावळ्यानं मान तिरकी केली. मी बघत होते. तो आईकडे बघत नव्हता, पिंडाकडेही नाही. पिंडाच्या वर बघत होता. मग त्यानं पंख मिटून घेतले.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी आईला विचारलं, बाबांना तेव्हा कळलं होतं का. ती म्हणाली की मास्तर माणूस, चार आणि पाच त्याला मोजता येत नव्हते का.

आता अमावस्येला मी गावी जाते. आईचं वय झालं आहे, वडे मी तळते. भिंतीवर शेवटची दोन पानं शेजारी शेजारी असतात, पाहुण्याचं आणि बाबांचं, आणि दोन्ही जशीच्या तशी राहतात. कावळे दोघांनाही एकच लांब वळसा घालतात. त्या दूरच्या मुलीचं पुढे काय झालं हे मी कधी शोधलं नाही. कुणी सांगेल म्हणूनही भीती वाटते. मला माझा बाप मिळाला, पुढे कितीतरी वर्षं मिळाला, आणि त्याची किंमत तो अजून त्या भिंतीवर बसून भरतो आहे असं मला दर अमावस्येला दुपारी वाटत राहतं.

मागच्या वर्षी पानं उचलायची वेळ झाली तेव्हा आई खुर्चीवर बसून त्या दोन पानांकडे बघत होती. बघता बघता वैतागली. म्हणाली, “मी मेली का माह्यं पान या दोघांच्या मधात मांडजो. मी पयल्या झटक्याले खाऊन टाकीन. मंग पायतो मी, हे दोघं किती दिवस बसतात त.”

मी बरं म्हटलं. मग दोन्ही पानं उचलून आम्ही पाण्याकडे निघालो, आणि रस्ता रिकामा असूनही चालताना तिनं माझा हात धरून मला रस्त्याच्या एका कडेला घेतलं.